आख्यान काढून टाकल्यावर पेटीने वाजवायचे काय?

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा सांस्कृतिक महोत्सव संयोजन समिती

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महोत्सवाचा विषय ‘पुराणकथा आणि संगीत’ असा ठरल्याचे कळले, तेव्हा आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींना खरेच आनंद झाला होता. एरवी महोत्सवात आमची जागा उद्‌घाटनाच्या मिरवणुकीपुरती. यंदा विषयच आमचा, तेव्हा नीट बसून वाजवायला मिळेल असे वाटले.

मग पत्रिकेचा मसुदा आला आणि त्यासोबतच्या सूचना आल्या. दशावतार, गोंधळ, जागरण, कीर्तन आणि चित्रे दाखवत गायची चित्रकथी या पाचांना मिळून दुसऱ्या दिवसाची दुपार. प्रत्येकाला बारा मिनिटे. ‘कथाभाग वगळून केवळ गीत व नृत्य सादर करावे.’ ‘संगीत ध्वनिमुद्रित राहील, वादकांची आवश्यकता नाही.’ ‘संवाद असल्यास संहिता आठ दिवस आधी कार्यालयात जमा करावी.’ आणि तिन्ही संध्याकाळी शहरातून येणारा वाद्यवृंद, रामायण-महाभारतावरची गाजलेली गाणी घेऊन.

आम्ही तिघेजण तुमच्या कार्यालयात येऊन भेटलो. तुम्ही ऐकून घेतलेत, चहा पाजलात, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तर एवढेच मिळाले की आजच्या तरुणांना कथा नको असते, ठेका हवा असतो. असे असेल तर ते तरुणांच्याच समोर बोलून टाकलेले बरे. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

मी पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा. जत्रेच्या दिवसांत दशावतारात पायपेटी, एरवी कीर्तनाला आणि भजनाला हातपेटी, नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला आणि कुठे ऑर्गन मिळाला तर ऑर्गन. वडील पखवाज वाजवायचे. आमच्याकडे दशावताऱ्यांबद्दल म्हणतात, ‘रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा’. राजाचा बोजा निदान ट्रंकेत मावतो. पेटीवाल्याला पेटीच उचलावी लागते, आणि रात्री राज्यही करायला मिळत नाही. तरी हे काम सोडवत नाही. का, ते एका रुक्मिणीच्या उदाहरणाने सांगतो.

रुक्मिणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेले, हिच्या मनात कृष्ण, आणि ही त्याला पत्र धाडते. एकनाथांनी सोळाव्या शतकात तिच्यावर ओवीबद्ध ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. लग्न जमावे म्हणून घरोघरी मुली अजून ती पोथी वाचतात. तिथे चाल अशी फारशी नसतेच. ओवीचे तीन चरण एका लयीत जातात, चौथा आखूड चरण टेकू देतो, की पुढची ओवी. कीर्तनकार हीच गोष्ट उत्तररंगाला, म्हणजे कथेच्या भागाला, घेतात, तेव्हा कथा पुढे सरकवायला साकी, दिंडी ही वृत्ते येतात, पत्राच्या जागी पद येते आणि पेटीवाल्याला पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा मिळते. 1916 साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्व. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात. ज्या रागांत गवई तासन्‌तास गात, ते राग एका राजकन्येच्या मनात काय चालले आहे हे सांगायला आणले आणि महाराष्ट्रात ते घराघरांत गेले. दशावतारातली रुक्मिणी आणखी निराळी. ती एका बाकावर बसून, समोर अंधारात बसलेल्या गावाकडे बघत पत्र ‘लिहिते’, तिचे काम करणारा गडी वरच्या पट्टीत पद लावतो, आणि पद कुठे थांबणार हे त्यालाही आधी ठाऊक नसते. कारण मध्येच तिचा भाऊ रुक्मी प्रवेश करणार असतो.

बाई तीच, पत्रही तेच. चार जागी चार तऱ्हेचे संगीत झाले, कारण चारही ठिकाणी कथा सांगण्याची गरज वेगळी होती. पोथीला वाचणारीचा संसार मार्गी लावायचा आहे. कीर्तनाला भक्ती ठसवायची आहे. नाटकाला नायिकेचे मन उघडायचे आहे. दशावताराला रात्र जागवायची आहे. म्हणजे पुराणकथेने संगीताला नुसता विषय दिला नाही. कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, याआधी काय घडले आणि पुढे काय व्हायचे आहे, हे तिने दिले. चाल त्यातून निघाली. ‘कथाभाग वगळून’ असे तुम्ही लिहिता, तेव्हा चाल जिथून निघाली ते मूळच वगळता, असे माझे म्हणणे आहे. आता एकेक तक्रार सांगतो.

पहिली तक्रार बारा मिनिटांची. गोंधळाचेच घ्या. गोंधळी आधी चौक भरतो, घट मांडतो, दिवटी पेटवतो. मग गावोगावच्या देवतांना नाव घेऊन गोंधळाला बोलावतो. एवढ्यात तुमची बारा मिनिटे संपली. आख्यान अजून सुरूच झालेले नाही. आणि देवतांना न बोलावता थेट ‘गाणे’ म्हणा असे गोंधळ्याला सांगणे म्हणजे काय, हे कळायला त्यांच्या वाद्याचीच कथा ऐकावी. परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिरातून त्याचेच तंतू ओवून वाद्य केले आणि ते वाजवीत तो माहूरला आई रेणुकेच्या भेटीला आला, असे गोंधळी सांगतात. ज्यांचे वाद्यसुद्धा कथेतून जन्माला आले, त्यांना कथा सोडून वाजवा म्हणायचे!

गोंधळातल्या आख्यानांची ताकद बघायची तर जांभूळ आख्यान आठवा. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणले म्हणून शहरालाही माहीत झाले. द्रौपदीच्या मनात कर्ण येतो आणि कृष्ण एका जांभळाच्या निमित्ताने ते तिच्याकडून वदवून घेतो. व्यासांच्या महाभारतात हे नाही. आमच्या लोकांनी ते आपल्या जबाबदारीवर घातले. हसवत हसवत प्रेक्षकाला अशा जागी आणून ठेवायचे की द्रौपदीकडे बोट दाखवणाऱ्याला स्वतःचे मन चाचपावेसे वाटावे. याला वेळ लागतो. संबळ आधी खेळकर, मग आडवा-तिडवा, मग एकदम गप्प, आणि या गप्प होण्याला अर्थ यायला त्याच्या आधीचा तास वाजवलेला असावा लागतो. जागरणात तेच. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई, यांचे भांडण मुरळी जेव्हा गाते, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसतात, कारण धनगराच्या पोरीपायी देव चाकर होऊन मेंढरे राखायला कसा गेला, ते त्यांनी मघाशीच ऐकलेले असते. ते न ऐकवता नुसते भांडणाचे गाणे लावले, तर उरते दिमडीचा ठेका आणि रंगीत साड्या. तुम्हाला बहुधा तेवढेच हवे आहे. म्हणूनच लिहितो आहे.

दुसरी तक्रार ध्वनिमुद्रित संगीताची. ही माझ्या पोटावर येते हे खरेच, आणि ते मी लपवत नाही. पण पोट बाजूला ठेवून बोलतो. दशावतारात कोणते आख्यान लावायचे ते रंगपटात ठरते, पात्रे वाटली जातात, आणि पेटीवाला, मृदंगी, झांजवाला बाजूला येऊन बसतात. यापलीकडे काही ठरलेले नसते. अभिमन्यू उत्तरेचा निरोप घेतो आहे असे समजा. एखाद्या रात्री अभिमन्यूचे काम करणाऱ्याचा गळा लागलेला असतो, उत्तराही तयारीची असते, समोर बायका डोळे पुसत असतात. मग तो निरोप अर्धा तास चालतो आणि मी भैरवीच्या आसपास हात फिरवत राहतो. दुसऱ्या रात्री पाऊस भरून आलेला असतो, लोक उठायच्या बेतात असतात; अभिमन्यू एका नजरेने मला सांगतो, आणि मृदंगी सरळ युद्धाचा ठेका धरतो. ध्वनिमुद्रणाला नजर कळत नाही. त्याच्यासमोर अभिमन्यूने बारा मिनिटांत मेलेच पाहिजे.

तुमच्या सूचनेत ‘रंगमंचावर जागेची अडचण’ असेही कारण आहे. वाद्यवृंदाच्या तीन कीबोर्डांना जागा आहे म्हणून विचारतो, एका पायपेटीला किती लागते? आणि पखवाजाबद्दल एक बारीक गोष्ट, तुमच्या ध्वनियंत्रणेच्या माणसासाठी. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ऐनवेळी कणीक लावतात, हवा बघून कमी-जास्त करतात. ‘पुढचा संच, दोन मिनिटांत उभे राहा’ असे सांगितले की तो बेसूरच वाजणार, आणि मग तुम्ही म्हणणार, ‘बघा, यांच्यापेक्षा ध्वनिमुद्रण बरे.’

तिसरी, संहितेची अट. दशावताराला संहिता नसते. नसते म्हणजे हरवलेली नाही. तो प्रकारच तसा आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, ज्याच्या स्मरणार्थ आपण 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतो, तेव्हाही पदे बांधलेली होती आणि भाषणे नटांच्या हजरजबाबीपणावर सोडलेली होती. त्या प्रयोगाला आठ दिवस आधी संहिता मागितली असती, तर रंगभूमी दिनाला सुट्टीच द्यावी लागली असती.

तुमची भीती कळते. दशावतारातला संकासुर काहीतरी बोलेल, कोणाच्या तरी भावना दुखावतील. पण वेद पळवलेला, काळा पोशाख घातलेला तो असुर मालवणीत भटजीची, नाईकाची म्हणजे सूत्रधाराची आणि समोर बसलेल्या मानकऱ्याची टर उडवतो आणि शेवटी विष्णूकडून मरतो. त्याचे बोलणे गावाने पिढ्यान्‌पिढ्या पचवले आहे. देवळाच्या आवारात, देवासमोर जे चालते, ते नगराच्या मंडपात चालू नये, हे मला कळलेले नाही.

चौथी तक्रार माझी नाही, शेजाऱ्यांची आहे, पण तीच मला सगळ्यांत जास्त लागली. पिंगुळीच्या चित्रकथीची चित्रे तुम्ही चौकटीत बसवून कलादालनाच्या भिंतीवर लावणार आहात. छान दिसतील. 2021 साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून ती चित्रे सगळ्यांनाच हवी आहेत. पण ती भिंतीसाठी काढलेली नाहीत. ठाकर समाजाची ही पोथी मांडीवर घेऊन, एकेक पान उघडत, हुडूक आणि टाळाच्या साथीने गाऊन सांगायची असते. पान कधी उलटायचे ते गाणे ठरवते. तुम्ही चित्र दालनात ठेवले, गाणाऱ्याला दुपारच्या बारा मिनिटांत मंडपात उभे केले, आणि ‘कथाभाग वगळा’ असेही सांगितले. म्हणजे त्याने तिथे नेमके काय करायचे?

पाचवी गोष्ट पत्रिकेत जे नाहीच त्याची. एक म्हणजे बायका. वाद्यवृंदातल्या गायिका सोडल्या तर पत्रिकेत बाई नाही. सीतेचा वनवास या मुलखात सगळ्यांत जास्त कोणी गायला असेल, तर जात्यावर बसलेल्या बायकांनी. आणि त्यांनी तो रामाची बाजू घेऊन गायलेला नाही. सीतेपुढे राम हलक्या दिलाचा, असे स्पष्ट म्हणून पुढच्या ओवीत त्याच रामाला हात जोडणे त्यांना जमते. आम्हा साथीदारांना तर तिथे कामच नाही, जात्याची घरघर हीच साथ. फुगडीतल्या गाण्यांतही अशी किती तरी पुराणे येतात, आणि फुगडीचे संच आज आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना बोलवायला कोणाची हरकत होती?

दुसरे म्हणजे पुराणकथेशी भांडून झालेले संगीत. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त वामन आणि बळी यांची गोष्ट उलटी करून मांडली, ती 1873 साली. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे बायका ओवाळताना म्हणतच होत्या. जोतीरावांनी त्याचा अर्थ डोळ्यांसमोर ठेवला. मग सत्यशोधकी जलसे आले. तमाशाचाच घाट, ढोलकी, तुणतुणे, पण प्रश्न नवे. पुढे अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाच्या आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले आणि गौळण काढूनच टाकली. हेही पुराणकथेनेच दिलेले संगीत आहे, मग ते तिच्या विरोधात का असेना. गणात काय बदलले हे कळायला गण काय असतो हे ठाऊक हवे. ‘पुराणकथा आणि संगीत’ म्हणताना फक्त आरतीच्या बाजूचेच संगीत घेतले, तर निम्मे घर कुलूप लावून ठेवल्यासारखे होईल. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस आहे. तरी हे म्हणतो.

आता वाद्यवृंदाबद्दल. तिथे वाजवणारे माझेच भाऊबंद आहेत, त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. ‘गीतरामायण’ कोणाला ऐकायचे नसेल? पण त्याची बांधणी बघा. 1955च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि वर्षभराहून जास्त काळ दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. एकूण छप्पन्न गीते. लव-कुश रामासमोर गाऊ लागतात तिथे आरंभ, आणि ‘गा बाळांनो’ म्हणून वाल्मीकी त्यांना पाठवतात तिथे शेवट. मधले प्रत्येक गीत कोणाच्या तरी तोंडी आहे. माडगूळकरांनी कौसल्येला वेगळी भाषा दिली, शूर्पणखेला वेगळी, आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाली त्याप्रमाणे लावल्या. ‘पराधीन आहे जगती’ हे राम भरताला सांगतो, बाप गेलेल्या भावाला समजावताना. तुमच्या मालिकेत त्याच्यानंतर लगेच ‘सेतू बांधा रे’ लागणार आणि टाळ्यांचा ठेका धरला जाणार. दोन्ही गाणी चांगलीच, फक्त भरत कुठे गेला, हे विचारायला मधे कोणी नसेल.

नाट्यगीतांचीही तीच गत. ‘मत्स्यगंधा’मधली ‘गर्द सभोवती’ आणि ‘अर्थशून्य भासे मज हा’ ही दोन्ही पदे तुमच्या यादीत आहेत. अभिषेकीबुवांनी 1964 साली एकाच सत्यवतीसाठी बांधलेली. एकात पोर वयातले मोहरणे, दुसऱ्यात सगळे हातचे गेलेल्या बाईचा कडवटपणा. त्या दोन चालींमध्ये जे अंतर आहे ती त्या नाटकाची कथा. ती दोन वाक्यांत सांगता येते. तेवढीही न सांगता एकामागून एक म्हटली की दोन ‘जुनी छान गाणी’ होतात.

थोडे विषयांतर करतो, पेटीवाल्याला एवढी मुभा असावी. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट हरिश्चंद्राची. संगीत गोविंदराव टेंबे यांचे आणि हरिश्चंद्राचे कामही त्यांचेच. गोविंदराव म्हणजे आम्हा पेटीवाल्यांचे दैवत. यंत्र नवे आले, माध्यम नवे आले, तेव्हा पहिल्यांदा हात घातला गेला तो पुराणकथेला, आणि एका पेटीवाल्याने ती गळ्यावर आणि अंगावर घेऊन दाखवली. तेव्हा नव्याला आमचा विरोध आहे असे कृपा करून म्हणू नका. कोणी पोरांनी गिटार, ड्रम घेऊन संकासुराचे गाणे केले तर मी त्यांच्या मागे पेटी घेऊन बसेन. अट एकच, त्यांना संकासुर कोण ते माहीत पाहिजे.

राहिला प्रश्न तरुणांचा. तुम्ही जत्रेला या. पालखीच्या प्रदक्षिणा आटोपून नाटक उभे राहायला मध्यरात्र होते, आणि मांडवाच्या कडेला मोटारसायकली लावून उभी असलेली पोरे पहाटे दहीकाला फुटेपर्यंत हलत नाहीत. ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या, नाटकांना तिकीट काढून जातात. मुंबईला नोकरीला असलेले गावच्या जत्रेचे नाटक मोबाईलवर थेट बघत बसतात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगतात की अमक्या प्रवेशाला पेटी जरा चढी लागली होती. सीमेपलीकडे गोव्यात, पेडण्या-बारदेशातल्या जत्रांतही आमचे संच जातात, तिथेही चित्र वेगळे नाही. या पोरांना कंटाळा कथेचा येत नाही, अर्धवट तुकड्यांचा येतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

तीन संध्याकाळींपैकी एक पूर्ण संध्याकाळ आख्यानांना द्यावी. त्या संध्याकाळी पाच प्रकार कोंबू नयेत, दोनच ठेवावेत, आणि प्रत्येकाला किमान दीड तास मिळावा. उरलेल्या प्रकारांना पुढच्या वर्षी बोलवावे. बारा मिनिटांपेक्षा पुढचे वर्ष बरे.

शेवटच्या रात्री दशावताराचे पूर्ण नाटक ठेवावे. दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम आम्हाला मान्य आहे. दशावतार ध्वनिक्षेपकाच्या आधीपासूनचा आहे. दहानंतर तो बंद करा, लोकांना जवळ बसवा.

ध्वनिमुद्रित संगीताची सूचना मागे घ्यावी. प्रत्येक संचासोबत त्याचे वादक असतील, त्यांना सूर लावायला आणि वाद्य जमवायला पंधरा मिनिटे मिळतील, असे लेखी कळवावे.

संहितेची अट रद्द करावी. कोणते आख्यान लावणार, हे आम्ही आधी सांगू. त्याहून जास्त आमच्याकडेही नसते.

चित्रकथी दालनातच, चित्रांपाशी, गाऊन सादर व्हावी. दिवसातून दोनदा, लोक खाली बसून ऐकतील अशी सोय करून.

जात्यावरच्या ओव्या आणि फुगडीच्या बायकांना, तसेच एका जलशाला, पत्रिकेत जागा द्यावी.

वाद्यवृंदाच्या निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी प्रसंग सांगावा, आणि कवी व संगीतकाराचे नाव न चुकता घ्यावे.

पत्रिकेत आमचा उल्लेख ‘स्थानिक लोककलावंत’ असा सरसकट आहे. वाद्यवृंदातल्या प्रत्येकाचे नाव छापले आहे, तसे गोंधळ्याचे, मुरळीचे, मृदंग्याचेही छापावे. मानधन संचाला एकरकमी न ठरवता माणशी ठरवावे, आणि ते कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे. धनादेशासाठी खेपा घालायला लावू नयेत. आमच्यातले बरेच जण दिवसा शेतात किंवा कोणाच्या तरी नोकरीत असतात. चित्रीकरण कराल तर ते कुठे आणि किती दिवस दाखवणार, हे आधी विचारावे.

यातल्या बऱ्याचशा गोष्टींना जादा पैसा लागत नाही. जिथे लागेल, तिथे संध्याकाळच्या प्रकाशयोजनेचा खर्च थोडा कमी करून भागेल, असे तुमचाच मसुदा पाहून वाटते.

पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही असे कळते. ती जाण्याआधी समितीने आमच्यापैकी चौघा-पाचांना, त्यात एक गोंधळी, एक चित्रकथी आणि एक फुगडीवाली बाई असावी, एकत्र बोलावून तासभर बसावे. आम्ही दिवस मोडून येऊ. सूचना आहेत तशाच राहिल्या, तर दुसऱ्या दिवसाच्या दुपारी आमचा संच येणार नाही. इतर संच काय ते आपापले ठरवतील. आमचे नाटक त्याच रात्री आमच्या गावच्या देवळासमोर होईल. आख्यान रुक्मिणीस्वयंवर. समितीच्या सदस्यांना आग्रहाचे निमंत्रण आहे, तिकीट नाही.

आपला नम्र,
एक पेटीवाला
जिल्हा सिंधुदुर्ग